चौथ्या पानावरची घरं

तो करडा रंग मी निवडला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मला दोषी माणसं बरीच सापडतील आणि ती सगळी खरीही असतील. पण रंग माझा होता.

अलिबागला एसटी स्टँडच्या मागे, औषधांच्या दुकानाच्या वर, आमचं ऑफिस आहे. चार माणसं, धड अशा तीन खुर्च्या आणि एक एसी. आम्ही वेबसाइट बनवतो. जास्त करून किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या आणि घरगुती मुक्कामाच्या. कधीमधी सरकारी कामही येतं, पण ते तिसऱ्या हातानं. खातं एका मोठ्या कंपनीला काम देतं, ती दुसरीला देते, आणि दुसरी त्याचे तुकडे करून आमच्यासारख्यांकडे पाठवते. तुकडा हातात पडेपर्यंत मूळ काम कशाचं आहे हे कुणाला ठाऊक नसतं. माझ्याकडे फक्त दिसण्याचा भाग असतो. अक्षरं केवढी, रंग कुठला, बटण कुठे.

मागच्या हिवाळ्यात असाच एक तुकडा आला. एका यादीचं पान. यादी लांब असली की वेबसाइटवर ती सलग दाखवत नाहीत. पन्नास-पन्नास ओळींची पानं पाडतात आणि तळाला १, २, ३, ४ असे आकडे देतात. आकड्यावर बोट ठेवलं की ते पान उघडतं. त्या आकड्यांना रूप द्यायचं, एवढंच माझं काम. यादीत खऱ्या मजकुराच्या जागी नुसता भराव होता: गाव १, घर १, नाव १. कशाची यादी आहे हे मी विचारलं नाही. घरी दारी प्रत्येकाला प्रश्न विचारत फिरणारी मी, पगार देणाऱ्याला मात्र हा साधा प्रश्न विचारला नाही.

पहिल्यांदा मी आकड्यांना गडद निळे चौकोन केले. जाड कड, आत अंगठा मावेल एवढी जागा. सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय, डेपोतल्या पाट्या लावल्यास?"

"दिसायला पाहिजेत ना, सर."

"दिसायला यादी पाहिजे. आकडे मागे ढकल. कड काढ, रंग उतरव. आणि मोबाइलवर आकडे नकोतच. एक बारीक बाण ठेव, पुरे."

मी रंग उतरवला. ते म्हणाले, अजून. मी अजून उतरवला. तिसऱ्यांदा आकडे पांढऱ्या पानावर धुरासारखे दिसायला लागले, तेव्हा ते म्हणाले, "आता कसं स्वच्छ वाटतं. तुला नजर आहे." ते वाक्य मला आवडलं. इतकं आवडलं की मी न सांगता आणखी एक गोष्ट केली. पान छापायला घेतलं तर तळाचे आकडे कागदावर उमटू नयेत, असा नियम लिहून टाकला. कागदावरचा आकडा काही दाबता येत नाही, मग उगाच शाई कशाला, असा माझा हिशेब. त्या दिवशी मी खुशीत घरी गेले.

माझे बाबा आयुष्यभर अलिबागच्या एका छापखान्यात कामाला होते. चळवळीची पत्रकं तेच लिहायचे, तेच जुळवायचे आणि रविवारी वाटायलाही तेच जायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांच्या कातरलेल्या कडांवर. बाबांचा एक हट्ट होता, की पत्रक एका बाजूलाच छापायचं. कारण आमच्याकडे पत्रक आधी विहारात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जातं आणि मग खळ लावून भिंतीला चिकटवलं जातं. मागच्या बाजूला काही असेल तर ते भिंतीनं वाचायचं. मजकूर फारच झाला आणि मागं जाण्यावाचून इलाज नसला, तर पुढच्या बाजूच्या तळाला जाड ठशात 'मागे पाहा' असं छापायचं आणि शेजारी बोट दाखवणाऱ्या हाताचा ठोकळा बसवायचा. तो ठोकळा बाबा कामानंतर पुसून वेगळ्या डबीत ठेवायचे. ज्या कागदाच्या तळाला तसं काही नाही तो कागद तिथं संपला, हे आमच्या वस्तीत शाळा न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही कळतं.

यादीचं काम पाठवून दोन महिने झाले असतील. एका शनिवारी मी गावी गेले. आमचं गाव आगरदांड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. वर नारळी-सुपारीच्या वाड्या आणि देऊळ, मग दुकानं, आणि सगळ्यात शेवटी खाऱ्या पाण्याच्या खाजणाला लागून आमची वस्ती. ग्रामपंचायतीनं घरांना नंबर दिले तेव्हा एक नंबर देवळामागच्या घराला दिला आणि मोजत मोजत खाली आली. आमचे नंबर शेवटचे. रेशन असो, नळ असो, दिवाबत्ती असो, आमच्यापर्यंत येता येता सरतं, हे सांगायला मला पत्रक लागत नाही.

एसटीतून उतरले तेव्हा उन्हं चांगली तापली होती. विहारासमोर वस्तीतली सगळी माणसं जमलेली. आत्यानं, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीनं, मला लांबूनच पाहिलं आणि हातातलं ताट घेऊन पुढं आली.

"तोंड उघड," ती म्हणाली आणि गूळ-खोबरं भरवलं. "वाचलो आपण. एक घर न्हाय यादीत."

"कसली यादी?"

"तुला ठाव न्हाय? अलिबागला राहतेस का लंडनला? रस्त्याची यादी. रस्ता रुंद करनार हायत, सरकारी जागेवर कोनाची घरं हायत त्यांची यादी काढलीया. यादीत असंल त्यानं सोमवारच्या आत हरकत द्यायची. न्हाय दिली तर तुझं काय म्हननं न्हाय असं धरनार आन् घर पाडनार. महिनाभर झोप न्हवती गं कोनाला. तुझ्या बाबानं काल वाचून दाखवली समद्यांस्नी. आपलं एक नाव न्हाय."

भिंतीवर कागद चिकटवला होता. मी वाचायला जवळ गेले आणि कागद मी ओळखला. मथळ्याखालची बारीक रेघ, ओळींमधली जागा, एकाआड एक ओळीला दिलेली छटा, सगळं माझ्या हातचं होतं. ओळी मोजल्या. पन्नास. पन्नासाव्या ओळीखाली कोरी जागा होती. त्या जागेत आकडे असतात, मी ते छापू नका म्हणून सांगितलं होतं.

बाबा शेजारी येऊन उभे राहिले. खूश होते. "बरोब्बर पन्नास," ते म्हणाले. "साहेब लोकांना गोल आकडा आवडतो. पन्नास घरं धरली आणि थांबले. वरच्या आळीची शेडं आहेत सगळी, वाडीवाल्यांची. त्यांना वकील आहेत."

"कागद कुठून आणला?"

"जेटीच्या रस्त्यावर सेवा केंद्र आहे ना, त्यानं छापून दिला. मी तळ नीट बघितला. पुढं काही नाही."

"मी मोबाइलवर बी बघितलं," आत्या म्हणाली. "पार खालपातुर सरकवलं. संपली ती."

मी विहाराच्या पडवीत गेले. बाहेरच्या उजेडानं मोबाइलवर मलाच बाण दिसेना. ओंजळीनं पडदा झाकला तेव्हा कोपऱ्यात केसाएवढा तो दिसला. दाबला, पण बोट चुकलं. पुन्हा दाबला. दुसरं पान आलं. मग तिसरं. त्यात दुकानं, पिठाची गिरणी. चौथं पान उघडलं आणि पहिलं नाव शेजारच्या काकांचं. मग आत्याचं. मग बाबांचं. एकतीस घरं, आमची सगळी वस्ती, नंबर न चुकता, जशी ओळीनं उभी आहे तशी. प्रत्येक नावापुढे 'हरकत: नाही'.

बाहेर माणसं हसत होती. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं होतं.

मी बोलले नाही. अर्धा तास मी त्या पडवीत बसून राहिले, चहा आला तो प्यायले, कुणी विचारलं नोकरी कशी चाललीय तर बरी म्हणाले. भीती दोन होत्या आणि त्या एकमेकींत मिसळत होत्या. घरं जातील ही एक. आणि हे मी केलंय हे सांगावं लागेल ही दुसरी. पहिलीपुढे दुसरी किती हलकी आहे हे मला कळत होतं, तरी तोंड दुसरीनंच धरून ठेवलं होतं. वस्तीतल्या प्रत्येक सभेत पुढे होऊन बोलणारी मुलगी म्हणून मला ओळखतात. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

शेवटी बाबांना हाक मारून घरी नेलं. आई मागच्या दारी मासे साफ करत होती. मी मोबाइल बाबांच्या हातात दिला.

"हे चौथं पान आहे, बाबा. तुम्ही वाचलंत ते पहिलं."

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आपल्या नावापाशी थांबले. मग म्हणाले, "ही दुसरी यादी असेल. जुनी."

"तीच आहे. कागदावर पुढची पानं आहेत हे लिहून येत नाही. कारण तसं येऊ नये असं मीच करून ठेवलंय. ते पान मी बनवलंय, बाबा. कसली यादी आहे मला माहीत नव्हतं."

ते तसेच चप्पल न घालता बाहेर पडले. मी मागोमाग. विहाराच्या भिंतीपाशी जाऊन त्यांनी कागदाची कड नखानं सोडवली. सकाळीच लावलेला, खळ अजून ओली होती, कागद अख्खा निघाला. त्यांनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून हात फिरवला. एकदा, मग पुन्हा. लोक बघत होते. इतकी वर्षं कागदाशी घालवलेला माणूस, त्याला कागदानं फसवलं होतं, आणि कागदाला ते मी शिकवलं होतं.

"काय झालं, दादा?" आत्यानं विचारलं.

"उद्या सकाळी सभा," बाबा म्हणाले. "कुणी बाहेर जाऊ नका."

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन विहारात बसले. बाबांनी चौथं पान मोठ्यानं वाचलं. एकेक नाव, एकेक घर नंबर. ज्याचं नाव यायचं त्याचा चेहरा मी बघत होते, न बघणं मला जमत नव्हतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आता ही सांगेल." आणि खाली बसले. त्यांनी माझी बाजू सावरली नाही, आणि ते बरोबरच होतं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. रंग, बाण, छापायचा नियम, सगळं. मग मागून एक काकी म्हणाल्या, "बाण व्हता म्हंतीस. दाखव बरं कुठाय."

मी मोबाइल पुढं केला. त्यांनी डोळ्याजवळ नेला, लांब धरला. "ह्यो? मला वाटलं काचंला चरा पडलाय."

काही जण हसले. ते हसणं मला शिवीपेक्षा लागलं.

"पोरगी शिकली," एक काका म्हणाले, "आन् पयल्यांदा काय शिकली, तर आपल्यालाच झाकायचं."

"पुरं झालं," आत्या त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुला बी सांगते. रडायचं असंल तर मंगळवारी रड. आज अर्ज लिव."

दिवसभर आम्ही अर्ज लिहिले. घरपट्टीची पावती, विजेचं बिल, मतदार ओळखपत्र, जे घराघरातून येईल त्याच्या नकला काढल्या. बाबांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. घाईत घर नंबर चुकले, दोन अर्ज पुन्हा लिहावे लागले. ज्याचं घर त्याच्या मोबाइलवर आलेला आकडा घातला की हरकत वेबसाइटवरूनही देता येते असं कळलं, पण बाबा ऐकेनात. त्यांना शिक्का हवा होता. मला त्यांच्याशी वाद घालायचा हक्क त्या दिवशी नव्हता.

दुपारी एक विचार आला आणि मी लिहायची थांबले. ते पान फक्त आमच्या गावासाठी नव्हतं. रस्ता सगळ्या किनाऱ्याचा आहे. मी सेवा केंद्रवाल्या काकांना फोन लावला.

"काका, तुम्ही आणखी कुठली यादी छापून दिलीत?"

"पाच गावची दिली असंल. का गं?"

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "एका गावात तर मीच जाऊन भिंतीला लावली." आणि फोन ठेवला. नंतर कळलं, त्यांनी शटर ओढलं, मोटरसायकल काढली आणि संध्याकाळपर्यंत पाचही गावं फिरून आले.

मी सरांना फोन केला. ते जेवत होते.

"आज रविवार आहे," ते म्हणाले. "उद्या वरच्या कंपनीला विचारतो, मग बघू."

"उद्या पाचला मुदत संपते, सर."

"मग परवापासून बघायचंच कुणाला आहे? राहू दे."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्हाला जेवायला बोलावतात. पण 'राहू दे' हा शब्द मी लहानपणापासून इतक्या टेबलांपलीकडून ऐकलाय की माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "सर, मी बदलतेय. काय कारवाई करायची ती नंतर करा." आणि मीच फोन ठेवला. फोन ठेवल्यावर मात्र पगार आठवला. घरात कमावती मी एकटी.

रंगरूपाची फाइल आमच्याच सर्व्हरवरून चालायची, त्यामुळे बदलायला वीस मिनिटं लागली. आकडे काळेभोर केले, मोठे केले, मोबाइलवरही परत आणले. बाण काढून टाकला आणि त्याच्या जागी 'पुढची घरं पाहा' असं अक्षरांत लिहिलं. छापायचा नियम पुसला आणि उलटा लिहिला: कागदाच्या तळाला 'चार पानांपैकी पहिलं' असं आलंच पाहिजे. वीस मिनिटं. दोन महिने ते तसंच पडून होतं.

संध्याकाळी मोजलं तर अर्ज तीस. एक घर राहिलं होतं. वस्तीच्या टोकाचं, कुलूप लावलेलं. तिथला दादा बोटीवर खलाशी आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. शुक्रवारी बाबांनी यादी वाचली, त्यात नाव नाही म्हणून तो निर्धास्त झाला आणि शनिवारी पहाटे बोटीवर गेला. बायको दिघीला माहेरी गेली. त्याचा फोन समुद्रात लागत नाही. तिचा बंद होता.

सोमवारी बाबा तीस माणसं घेऊन मुरूडला तहसील कचेरीत गेले. मी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला निघाले. पलीकडचा किनारा डोळ्यांसमोर असतो, पण त्या दिवशी तो जवळच येईना. मी कठड्याला धरून उभी होते आणि मनात सारखं एकच, ती घरी नसली तर. ती घरी नसली तर त्या घराचं काय सांगायचं, कुणाला सांगायचं.

ती तिच्या आईच्या घरीही नव्हती. बहिणीबरोबर कालवं काढायला खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर गेली होती. ओहोटी होती. भरती लागल्याशिवाय ती वर येणार नाही, असं तिची आई म्हणाली. मी खडपावरून तिला शोधत गेले. पाय दोनदा कापला. ती वाकून कोयतीनं कालवं फोडत होती. मला बघून हसली.

"तू हितं कशी?"

"वहिनी, तुमचं घर यादीत आहे."

तिचं हसू जाता जाता थांबलं. "न्हाय. मामांनी वाचली की." बाबांना ती मामा म्हणते.

"एक पान वाचलं. पुढची राहिली."

"ते म्हनले, यादीत न्हाय तर मी जातो. न्हायतर जानार न्हवते बोटीवर," ती म्हणाली. हे तिनं मला दोनदा सांगितलं. चूक कुणाची हे तिनं विचारलं नाही. फेरीबोटीत मी आपणहून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग उतरेपर्यंत पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

तिच्या घरी जाऊन कागद शोधले. घरपट्टीची पावती पत्र्याच्या पेटीत मिळाली, विजेचं बिल मिळालंच नाही. मुरूडला पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. बाबा बाहेरच उभे. तिसांना शिक्के मिळाले होते. टेबलामागच्या कारकुनानं आमचा अर्ज वर-खाली बघितला.

"घर ह्यांच्या मिस्टरांच्या नावावर आहे. सही त्यांची लागेल."

"ते समुद्रात आहेत," मी म्हणाले.

"मग आल्यावर द्या."

"आल्यावर मुदत नसेल."

"मुदत मी नाही घातली, ताई."

इतकी पत्रकं पाठ असलेली मी, नुसती उभी. वहिनी माझ्याकडे बघत होती. तेव्हा बाबा पुढं झाले. आवाज चढवला नाही.

"साहेब, अर्ज घ्यायचा की नाही हे तुमच्या हातात. घेतला नाही तर तसं लिहून द्या. अमक्या वेळी अर्ज आणला, सही नसल्यानं परत केला. खाली तुमची सही करा."

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग अर्ज ओढून घेतला आणि कडेला लिहिलं, 'अर्जदाराची सही नाही. सुनावणीस अर्जदाराने स्वतः हजर राहावे, अन्यथा हरकत रद्द.' वहिनीचा अंगठा घेतला आणि शिक्का मारला.

"सुनावणी कधी?" बाबांनी विचारलं.

"तारीख वेबसाइटवर येईल. आदल्या दिवशीही येऊ शकते."

मंगळवारी मी कामावर गेले. वरच्या कंपनीचा निरोप आला होता: नवीन रूप कुणी केलं, पण राहू द्या, तक्रारी कमी झाल्यात. सरांनी तो मला वाचून दाखवला आणि फोन खिशात टाकला. नोकरी राहिली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

बोट त्या आठवड्यात परत आली. दादानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे मी तिकडं जाळं वढत व्हतो आन् हिकडं माझं घर निघालं व्हतं." सगळे हसले, तोही हसला. मग त्यानं कडेला लिहिलेली ती ओळ बाबांकडून वाचून घेतली. 'स्वतः हजर राहावे' हे दोन वेळा.

या सगळ्याला दोन महिने होत आले. तारीख अजून आलेली नाही. बाकी तीस घरांचं काय होईल हेही कुणाला माहीत नाही, पण त्यांच्या अर्जांवर सह्या आहेत. मी रोज सकाळी डोळे उघडले की चौथं पान उघडते. तारखेच्या रकान्यात आडवी रेघ असते. ती दिसली की आजचा दिवस गेला, आणि पुन्हा उद्याची भीती.

परवा मी अलिबागला परतायला निघाले. आगरदांड्याला गाडीची वाट बघत उभी होते. जेटीवर दादाची बोट सुटायच्या तयारीत होती. बर्फ चढवून झाला होता. बोट चालवणारा तांडेल दादाच्या जागी घेतलेल्या नव्या माणसाला काहीतरी समजावत होता. दादा जेटीवरच होता. त्या खेपेहून परतल्यापासून तो एकदाही समुद्रावर गेलेला नाही. आठ दिवस बोटीवर असताना तारीख लागली तर घर जाईल, म्हणून. आता तो जेटीवर बर्फ फोडतो, माशांच्या पाट्या उचलतो, मिळेल ते करतो.

त्यानं मला पाहिलं आणि हात वर केला. "आली का गं तारीख?" त्यानं लांबूनच विचारलं.

मी मानेनंच नाही म्हटलं.

तांडेलानं हाक दिली. दादानं खुंट्यावरचा दोर सोडला, गुंडाळून बोटीवर फेकला आणि दोन पावलं मागं सरला. बोट खाडीच्या तोंडाकडे वळली. माझी गाडी आली होती, कंडक्टर चढा म्हणत होता. मी खिडकीशी बसले आणि गाडी वळणापर्यंत गेली तरी तो तिथंच, हात कमरेवर ठेवून, बोटीकडे बघत उभा होता.